हंड्याचं भोक किती मोठं? ६५-आर्सेनिकच्या वजनाची केस

सुरुवातीलाच सांगतो, ही केस चीनमधल्या लानझोऊची आहे. इन्स्टिट्यूट ऑफ मॉडर्न फिजिक्सची स्टोरेज रिंग, म्हणजे आयनांना गोल फिरवत ठेवणारा चुंबकांचा ट्रॅक, आणि दोन प्रसिद्ध झालेले निकाल, एक २०११ चा आणि एक २०२३ चा. टीममधल्या कुणाचीही नावं घेत नाहीये, गरजही नाही. मी काही तिथे हजर नव्हतो, त्यामुळे खोलीत कोण काय बोललं ते मला विचारू नका, कुठले पर्याय समोर होते आणि शेवटी कुठला उचलला हे छापून आलेल्या कामावरून कळतं, तेवढ्यावरच लिहितोय. मला इंटरेस्ट एवढ्यासाठी की एकाच रिंगने ६५-आर्सेनिक या एकाच केंद्रकाचं वजन दोनदा केलं आणि दोन्ही वेळा त्यातून निघालेली गोष्ट वेगळी होती.

पार्श्वभूमी

न्यूट्रॉन तारा शेजारच्या ताऱ्याकडून हायड्रोजन-हेलियम ओढून घेतो, ते पृष्ठभागावर साचतं, दाबलं जातं, तापतं आणि एका क्षणी भडकतं. आकाशात आपल्याला क्ष-किरणांचा झोत दिसतो, दहा-वीस सेकंदांपासून शंभरेक सेकंदांपर्यंत. यालाच टाइप-वन एक्स-रे बर्स्ट म्हणतात. (आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटने असे बर्स्ट बरेच पकडलेत, त्यातलं एलएएक्सपीसी हे उपकरण कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये बनलं, त्यामुळे हा विषय आपल्याला अगदीच परका नाही.)

या भडक्यात केंद्रकं एकामागून एक प्रोटॉन गिळत जड होत जातात. याला आरपी प्रोसेस म्हणतात. गाडी सुसाट असते पण मध्येमध्ये अडते, कारण काही केंद्रकांना पुढचा प्रोटॉन दिला तरी तो टिकत नाही, लगेच बाहेर पडतो. मग बीटा क्षय होईपर्यंत थांबायचं. अशा थांब्यांना वेटिंग पॉइंट म्हणतात. ६४-जर्मेनियम हा त्यातला नावाजलेला (६४ म्हणजे केंद्रकातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून). त्याचं अर्धायुष्य सुमारे ६४ सेकंद, आणि अख्खा बर्स्टच साधारण तेवढ्या वेळाचा! म्हणजे गाडी इथे खरंच थांबत असेल तर पुढचा सगळा खेळ लांबणार, बर्स्टचा प्रकाश कसा चढतो आणि शेपूट किती लांब राहतं तेही बदलणार.

थांबते का पण? ते ठरतं ६५-आर्सेनिकवर, म्हणजे जर्मेनियमने एक प्रोटॉन गिळला की जे बनतं त्यावर. मला हे गळक्या हंड्यासारखं दिसतं. वरून नळ चालू आहे, हंड्याला खाली भोक आहे, आणि तुम्ही तांब्याने पाणी काढून पुढच्या पिंपात टाकताय. हंडा म्हणजे ६५-आर्सेनिक, पिंप म्हणजे त्याने अजून एक प्रोटॉन गिळला की बनणारं ६६-सेलेनियम. हंड्यात कुठल्याही क्षणी किती पाणी आहे ते भोकाच्या आकारावर, आणि भोक किती मोठं ते ६५-आर्सेनिकच्या वजनावर. ६४-जर्मेनियम अधिक एक प्रोटॉन यांच्यापेक्षा ६५-आर्सेनिक जितकं जड, तितकं भोक मोठं.

अडचण

२००७ मध्ये अमेरिकेत आर्गॉन आणि मिशिगन स्टेट अशा दोन ठिकाणी पेनिंग ट्रॅपमध्ये, म्हणजे आयन थांबवून तोलणाऱ्या सापळ्यात, ६४-जर्मेनियमचं वजन चांगलं नेमकं झालं होतं. म्हणजे हिशोबाची एक बाजू पक्की. दुसरी बाजू, ६५-आर्सेनिक, कुणीच थेट मोजलेली नव्हती. ते अस्तित्वात आहे, टिकतं, एवढं माहीत होतं. जगतं किती? सेकंदाच्या आठव्या भागाच्या आसपास, १३० मिलिसेकंद वगैरे. तयार करायलाही कठीण, झोतातून मोजकेच दाणे हाती लागतात.

आता नेमकेपणा किती हवा ते बघा. ६५-आर्सेनिकची वस्तुमान-ऊर्जा सुमारे ६०.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि आपल्याला हवाय शंभर किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्याही (केईव्ही) आतला फरक, म्हणजे दहा लाखांत एक-दीड भाग. एका क्विंटलच्या पोत्याचं वजन करायचं आणि चूक एका गुंजेच्या आसपास ठेवायची. आणि पोतं काट्यावर ठेवायला वेळ आहे सेकंदाचा आठवा भाग. बरं, पोतं प्रकाशाच्या ७० टक्के वेगाने पळतंय.

पर्याय कुठले होते

पेनिंग ट्रॅप हा वजनाचा सगळ्यात नेमका काटा, पण त्यात आयन आधी थांबवावा लागतो, थंड करावा लागतो, ट्रॅपमध्ये बसवावा लागतो. शंभरेक मिलिसेकंदांत हे जमतं, अशक्य नाही, पण आयन मुळात तिथपर्यंत पुरेशा संख्येने पोचायला हवा आणि एका वेळी एकाच जातीवर काम चालतं.

दुसरा रस्ता जर्मनीत डार्मश्टाटच्या ईएसआर रिंगने घालून दिलेला. १०८ मीटरची रिंग, १९९० पासून चालू. तिथे आयनांसोबत त्याच वेगाने इलेक्ट्रॉनचा झोत सोडतात, आयनांची आपापसातली वेगाची धावपळ इलेक्ट्रॉन शोषून घेतात, सगळे एका चालीत आले की फेऱ्यांची वारंवारता ऐकायची, त्यावरून वजन. शॉटकी पद्धत म्हणतात हिला. सुंदर पद्धत आहे, पण थंड व्हायला सेकंद लागतात आणि आपला गडी तोवर दहा वेळा मरून गेलेला असतो. बाद.

तिसरा रस्ता आयसोक्रोनस, हाही आधी डार्मश्टाटलाच विकसित झालेला. यात आयनांना थंड करायचंच नाही, रिंगचे चुंबक असे लावायचे की वेगवान आयन बाहेरचा लांब रस्ता घेईल आणि हळू आयन आतला छोटा. शाळेच्या ग्राउंडवर पट्टीच्या धावपटूला बाहेरच्या लेनमध्ये ढकललं आणि दोघांची फेरी एकाच वेळेत संपली, तसं. मग एकाच जातीच्या आयनांना एका फेरीला लागणारा वेळ सारखा येतो, वेग थोडा इकडेतिकडे असला तरी, आणि तो वेळ फक्त वस्तुमान भागिले विद्युतभार एवढ्यावरच ठरतो. मोजणीला लागतो सेकंदाचा पाच हजारावा भाग. तिसराच उचलला, आणि १३० मिलिसेकंदवाल्यासाठी दुसरं काय उचलणार होते मला कळत नाही.

२०११: काय केलं

लानझोऊची सीएसआरई रिंग १२८.८ मीटर परिघाची. आधी ७८-क्रिप्टॉनचा झोत, दर न्यूक्लिऑनमागे ४८३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, बेरिलियमच्या तुकड्यावर आपटायचा, त्यातून जो चुरा उडतो तो गाळून रिंगमध्ये सोडायचा. रिंगच्या वाटेत कार्बनचा एक पापुद्रा, चौरस सेंटिमीटरला १९ मायक्रोग्रॅम, पापडाचा पापुद्रासुद्धा याच्यापुढे फरशी वाटेल. आयन त्यातून आरपार जातो, जाताना थोडे इलेक्ट्रॉन उडवतो, ते बाजूच्या मायक्रोचॅनल प्लेटवर, म्हणजे इलेक्ट्रॉन टिपणाऱ्या चकतीवर, नेऊन पल्स मिळते. दर फेरीला एक टिक. एक फेरी साधारण ६०० नॅनोसेकंदांची, २०० मायक्रोसेकंदांत तीनशेच्या वर फेऱ्या. एका वेळी रिंगमध्ये वेगवेगळ्या जातींचे बरेच आयन असतात, सगळ्यांच्या टिका एकाच रेकॉर्डिंगमध्ये मिसळलेल्या, त्या नंतर कॉम्प्युटरवर सोडवायच्या. ज्यांचं वजन माहीत आहे असे आयन त्याच गर्दीत असतात, तीच मापं.

२०११ मध्ये निकाल छापला. ६३-जर्मेनियम, ६५-आर्सेनिक, ६७-सेलेनियम आणि ७१-क्रिप्टॉन, चौघांची थेट वजनं. ६५-आर्सेनिकची प्रोटॉन वेगळा करायची ऊर्जा निघाली उणे ९०, अधिक-उणे ८५ केईव्ही. म्हणजे भोक आहे पण बारीक. बर्स्टच्या मॉडेलमध्ये हे वजन घातल्यावर बहुतेक प्रवाह प्रोटॉन गिळतच पुढे जातो असं दिसलं आणि ६४-जर्मेनियम हा फारसा महत्त्वाचा थांबा नाही असा निष्कर्ष निघाला.

पहिला निर्णयाचा क्षण

मी इथे जरा रेंगाळणार आहे कारण मला वाटतं केसचा जीव इथेच आहे. उणे ९० अधिक-उणे ८५. चूक जवळपास आकड्याएवढीच!

पाटीवर जमेल असा ढोबळ हिशोब करून बघू. बर्स्टमध्ये तापमान शंभर कोटी केल्विनच्या वर जातं. शंभर कोटी धरलं तर उष्णतेची ऊर्जा साधारण ८६ केईव्ही. हंड्यात किती पाणी टिकतं ते वजनातला फरक भागिले ही ऊर्जा, याच्या घातांकाने बदलतं. म्हणजे ८५ केईव्ही इकडे सरकलं तर ६५-आर्सेनिकचं प्रमाण २.७ पट, तिकडे सरकलं तर तितक्याच पटीने कमी. दोन टोकांमध्ये सात पटींचा फरक, आणि हे फक्त एका सिग्माच्या, म्हणजे छापलेल्या अधिक-उणे चुकीच्या आत, ज्याच्या बाहेर खरं उत्तर असायची शक्यता तीनात एक असते. तापमान दीडशे कोटी धरलं तरी फरक साडेतीन पटींच्या पुढेच राहतो. म्हणजे वजनाच्या काट्यावर जी चूक गुंजेएवढी वाटते ती ताऱ्यात पोचेपर्यंत अख्ख्या घागरीएवढी होते.

आणखी एक गोम. तांब्या ज्या पिंपात ओतायचा ते ६६-सेलेनियम तेव्हा मोजलेलंच नव्हतं, त्याचं वजन थिअरीच्या अंदाजावर घेतलेलं. साखळीतली एक कडी पहिल्यांदाच मोजलेली आणि मोठ्या चुकीसह, दुसरी अंदाजाची.

यात कुणी खोटं केलं असं अजिबात नाही. चूक छापली होती, सारांशात शब्दही 'मॉडेल सुचवतं' अशा धाटणीचेच होते. मोजणी अफलातून होती, तोवर कुणाला जमलेली नव्हती. पण असे निकाल पुढे सांगितले जातात तेव्हा ८५ गळतो आणि ९० उरतो, मग 'थांबा महत्त्वाचा नाही' हे वाक्य उरतं. मी स्वतः काही वर्षं ते वाक्य तसंच लोकांना सांगत होतो.

मधली वर्षं: काटा का हलत होता

चूक कमी करायची तर ती येते कुठून ते बघायला लागतं. थोडी चुंबकांच्या वीजपुरवठ्यातल्या सरकण्यातून येते, चुंबकक्षेत्र जराही हललं की सगळ्यांच्या फेऱ्यांचे वेळ एकदम सरकतात, ते दुरुस्त करता येतं. मोठी चूक मात्र पद्धतीच्या मुळातच आहे. बाहेरच्या लेनची युक्ती फक्त एका विशिष्ट वेगालाच नेमकी लागते. रिंग ज्या जातीसाठी लावली तिचा पीक, म्हणजे फेरीच्या वेळांच्या आलेखातलं टोक, सुईसारखा, बाजूच्या जातींचे वेग वेगळे म्हणून त्यांचे पीक हळूहळू पसरट. एकाच रेकॉर्डिंगमध्ये वीस जाती आणि त्यातल्या मोजक्याच खऱ्या अर्थाने फोकसमध्ये, ग्रुप फोटोसारखं, मधली आजी स्पष्ट आणि कडेची पोरं धूसर.

उपाय दोन होते. एक, रिंगमध्ये फट बसवायची, म्हणजे ठरावीक संवेगाचेच आयन आत राहतील, बाकीचे फटीच्या कडेवर आपटून गेले. डार्मश्टाटला रिंगच्या आधी सेपरेटरमध्ये फट लावून हे केलेलं, लानझोऊलाही फट वापरली गेली. काम करते, पीक बारीक होतात. पण जे दुर्मीळ आयन एवढ्या खटाटोपाने बनवले त्यातलेच बरेचसे आपण स्वतःच्या हाताने फेकतोय! मुबलक जातींना चालतं, दिवसाला दोन-चार दाणे येणाऱ्यांना कसं चालेल.

दुसरा उपाय, कुणालाच फेकायचं नाही, प्रत्येक आयनाचा वेगच मोजायचा. त्यासाठी रिंगच्या सरळ भागात एका पापुद्र्याऐवजी दोन, एकमेकांपासून १८ मीटरवर. आयन एकातून दुसऱ्यात जायला ८६ नॅनोसेकंदांच्या आसपास घेतो. एका फेरीत हा वेग काही फार नेमका मिळत नाही पण तोच आयन शेकडो वेळा जातो, सरासरीने जमून जातं.

ऐकायला सोपं वाटतं, पण फुकट नाहीये. दोन पापुद्रे म्हणजे दर फेरीला ऊर्जेची गळती दुप्पट, आयन वाटेवरून लवकर घसरणार. दोन्ही डिटेक्टरांच्या तारांमधला वेळेचा फरक पिकोसेकंदांत माहीत हवा, नाहीतर वेग चुकला आणि सगळंच चुकलं. आणि रिंगचं ट्यूनिंग परत बसवा. फटीचा उपाय आठवड्याभराचा असेल तर हा वर्षानुवर्षांचा. दुसरा निर्णयाचा क्षण हाच, आणि त्यांनी लांबचा रस्ता धरला.

आडवळण: दोन आयन, एकच पत्ता

मधेच एक भानगड सांगितल्याशिवाय राहवत नाही. ५८-निकेलच्या झोतावरच्या प्रयोगात ३४-आर्गॉन आणि ५१-कोबाल्ट दोघं एकाच पीकमध्ये बसलेले. का, तर ३४ भागिले १८ आणि ५१ भागिले २७ दोन्ही सतरा नवमांश! वस्तुमान-भार गुणोत्तरात फरक फक्त बंधन-ऊर्जेच्या चिमटीएवढा, फेरीच्या वेळावरून वेगळे करणं जवळजवळ अशक्य. रिंग बदलावी का, प्रयोग परत करावा का? गरज पडली नाही. २७ भाराचा आयन पापुद्र्यातून जाताना १८ वाल्यापेक्षा जास्त इलेक्ट्रॉन उडवतो, म्हणजे पल्स उंच. पल्सची उंची रेकॉर्डिंगमध्ये पहिल्यापासून पडून होतीच, वेळ काढून झाल्यावर तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. उंचीवरून दोघं वेगळे झाले आणि ५१-कोबाल्टचं वजन निघालं, २०१४ मध्ये छापून आलं. नवं यंत्र शून्य रुपयांचं. घरात चष्मा शोधताना तो कपाळावर सापडावा तसं.

दुसरा डिटेक्टर लागल्यावर

वेग आणि फेरीचा वेळ दोन्ही हातात आले की गुणाकार केला की त्या आयनाने किती लांबीचा रस्ता घेतला ते कळतं. आता युक्ती बघा. रिंगमध्ये रस्त्याची लांबी आणि चुंबकीय कडकपणा, ज्याला तिथे बी-रो म्हणतात, यांचं नातं सगळ्या आयनांसाठी एकच असतं, कारण चुंबकाला आयनाची जात कळत नाही, त्याला फक्त कडकपणा कळतो. मग ओळखीच्या वजनाच्या आयनांवरून हा वक्र एकदा काढून घ्यायचा, आणि अनोळखी आयन आला की त्याचा रस्ता बघून वक्रावरून कडकपणा वाचायचा, कडकपणा आणि वेगावरून थेट वजन-भार गुणोत्तर. फोकसमध्ये कोण आणि धूसर कोण हा प्रश्नच मिटला, ग्रुप फोटोतला प्रत्येक चेहरा स्पष्ट.

पद्धतीला बी-रो-आयएमएस म्हणतात. पहिल्या मोठ्या परीक्षेत ४६-क्रोमियम, ५०-लोह आणि ५४-निकेल यांची वजनं एकाच सेटिंगमध्ये दहा कोटींत पाच-सहा भाग इतक्या नेमकेपणाने आली. क्विंटलच्या पोत्याच्या भाषेत, पाच-सहा मिलिग्रॅम, तांदळाच्या दाण्याचा तुकडा. पेनिंग ट्रॅपवाल्यांच्या अंगणात जाऊन उभं राहण्यासारखं आहे हे.

निकाल

मग तोच जुना कोपरा परत मोजला. ६३-जर्मेनियम, ६४ आणि ६५-आर्सेनिक, ६६ आणि ६७-सेलेनियम. यातलं ६४-आर्सेनिक आणि ६६-सेलेनियम पहिल्यांदाच. म्हणजे हंडाही नेमका झाला आणि अंदाजावर सोडलेलं पिंपही मोजून झालं. २०२३ मध्ये नेचर फिजिक्समध्ये आलं आणि मथळ्यातच होतं की ६४-जर्मेनियमपाशी आरपी प्रोसेस मंदावते. बारा वर्षांपूर्वी ज्याला फारसा महत्त्वाचा थांबा नाही म्हटलं होतं तिथेच.

त्याचा परिणाम आकाशापर्यंत गेला. जीएस १८२६-२४ नावाचा एक स्रोत आहे, बर्स्ट इतके नियमित द्यायचा की घड्याळ म्हणूनच प्रसिद्ध, त्यामुळे मॉडेल तपासायला सगळे त्यालाच धरतात. नव्या वजनांनी मॉडेलमधला प्रकाशाचा आलेख बदलला, तो दुर्बिणीतल्या आलेखाशी जुळवायचा तर या ताऱ्याचं अंतर सुमारे ६.५ टक्क्यांनी वाढवावं लागतं. न्यूट्रॉन तारा किती घट्ट आहे यावरही त्यातून बंधन येतं. जमिनीवरच्या एका रिंगमध्ये काही केंद्रकांचं वजन सुधारलं आणि हजारो प्रकाशवर्षांवरचा तारा जागचा हलला, मला याची अजून गंमत वाटते.

वेगळं काय करता आलं असतं

२०११ चा निकाल थांबवून ठेवायला हवा होता का? मला नाही वाटत. थेट मोजणी नसण्यापेक्षा मोठ्या चुकीची मोजणी लाखपट बरी, आणि तो आकडा छापला म्हणून तर या कोपऱ्याचं महत्त्व ठरलं. पण निष्कर्षाचं वाक्य मी एका आकड्याऐवजी पट्टा म्हणून लिहिलं असतं, दोन्ही टोकांना प्रवाह किती टक्के ते मथळ्याच्या जवळ, मजकुराच्या पोटात नाही.

६६-सेलेनियमबद्दल मी जास्त कडक आहे. हंड्याचं भोक मोजायला एवढी मेहनत आणि पिंपाचं वजन अंदाजाचं, हे मॉडेल चालवणाऱ्यांनीही जास्त ठळक सांगायला हवं होतं, फक्त मोजणाऱ्यांवर ते ओझं टाकून चालत नाही.

फट विरुद्ध दुसरा डिटेक्टर यात मात्र मला काही बदलावंसं वाटत नाही, फक्त एवढंच की पल्सच्या उंचीसारखी फुकटची माहिती पहिल्या दिवसापासून विश्लेषणात असती तर मधल्या वर्षांत अजून दोन-चार जोड्या लवकर सुटल्या असत्या. बाकी एन बरोबर झेडवाल्या, म्हणजे न्यूट्रॉन आणि प्रोटॉन समसमान असलेल्या, केंद्रकांची गर्दी अजून आहेच, सगळ्यांचं गुणोत्तर दोनला चिकटलेलं, ६४-जर्मेनियम स्वतः त्याच गर्दीत उभं.